पारूबाईंनी न घेतलेला पेढा

युनियनमध्ये उभी हयात घालवलेल्या माणसाने दिवाळी अंकात लिहायचं म्हणजे संप, टाळेबंदी, मोर्चा आणि थोडासा लाठीमार हवा, हे मला ठाऊक आहे. संपादकांनीही फोनवर आडून आडून तेच सुचवलं. तो सगळा मालमसाला माझ्यापाशी आहे, पण तो सांगणारे पनवेलमध्ये पुष्कळ आहेत आणि त्यातल्या निम्म्यांनी खाल्लेल्या लाठ्या दरवर्षी एक-दोनने वाढतात. मी लिहिणार आहे ते एका चौकशीबद्दल. ती मी जिंकलो होतो. जिंकल्याची लाज वाटावी अशी माझ्या आयुष्यात ती एकच.

आमचा कारखाना पनवेलच्या पलीकडच्या औद्योगिक वसाहतीत होता. कोळंबी सोलायची, साफ करायची, गोठवायची आणि परदेशी पाठवायची, एवढाच उद्योग. मी तिथे टाइमकीपर, म्हणजे कोण किती वाजता आत आला आणि किती वाजता बाहेर पडला ते लिहिणारा माणूस. पण कामगारांच्या लेखी मी युनियनचा सरचिटणीस आणि त्याहीपेक्षा चौकशीवाला पाटणकर.

चौकशी म्हणजे काय, ते बाहेरच्यांसाठी सांगतो. कामगारावर आरोप आला की कंपनी त्याला चार्जशीट देते. मग मॅनेजरच्या शेजारच्या खोलीत एक वकील चौकशी अधिकारी म्हणून बसतो, साक्षी होतात, टायपिस्ट कार्बन घालून सगळं टाइप करतो, आणि निकालावर त्या कामगाराची नोकरी राहते किंवा जाते. कामगाराच्या बाजूने बोलायला त्याचा एक सहकारी बसू शकतो. आमच्याकडे तो बहुतेक वेळा मी असायचो, आणि मी हरत नसे. एका वॉचमनवर बर्फाची लादी चोरल्याचा आरोप होता. जप्त केलेली लादी पुरावा म्हणून सिक्युरिटीच्या केबिनमध्ये ठेवली होती. तिसऱ्या दिवशी मी सिक्युरिटी अधिकाऱ्यासमोर बादली सरकवली आणि विचारलं, हीच का ती लादी, ओळखा. वॉचमन सुटला. दुसरा एकजण कोल्ड स्टोअरेजमध्ये झोपलेला सापडला. त्याला मी शिकवून ठेवलं होतं की, तू झोपला नव्हतास, गारठून बेशुद्ध पडला होतास. उलट कंपनीलाच त्याला स्वेटर द्यावा लागला.

या यशामागे युनियनचा एक दंडक होता. सभासद कसाही असो, चौकशीत त्याची बाजू लढवायचीच. तो खरा की खोटा हे आपण ठरवायचं नाही. आणखी एक प्रथा होती आणि ती मीच पाडलेली. चौकशीचा निकाल लागला की पाळी सुटताना गेटवर मासळीचा एक क्रेट पालथा घालायचा, सरचिटणीसाने त्यावर उभं राहून निकाल सांगायचा, आणि कोणीही काहीही विचारलं तरी उत्तर दिल्याशिवाय खाली उतरायचं नाही. या प्रथेचा मला फार अभिमान होता. खरं सांगायचं तर तोवर मला अडचणीत टाकणारा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

आता सोलण्याच्या हॉलबद्दल. लांबलचक स्टीलची टेबलं, त्यांवर बर्फात बुडवलेली कोळंबी आणि दोन्ही बाजूंना गमबूट घालून उभ्या असलेल्या बायका. आठ तास उभं राहायचं. बोटं आधी लाल होत, मग पांढरी, आणि मग त्यांना काही कळेनासं होई. एका टेबलावर आसपासच्या गावांतल्या बायका, आमच्या सभासद. त्यांच्या म्होरक्या गव्हाणच्या पारूबाई. चाळिशीच्या, अंगाने किरकोळ, बोलणं अगदी मोजकं. त्यांच्या घरची मिठागरं आणि भातजमीन नवीन शहरासाठी गेली आणि त्याबदली घरात ही एक नोकरी आली. त्यांच्याइतक्या झपाझप कोळंबी सोलणारं माणूस मी पाहिलं नाही. दुसऱ्या टेबलावर केरळहून ठेकेदाराने आणलेल्या मुली. वीस-बावीस वर्षांच्या, जवळच्या कोन गावी एका चाळीत दहा-दहाजणी एका खोलीत राहणाऱ्या.

या मुलींना आमच्या कारखान्यात नावं नव्हती. सगळ्या ‘मद्रासी’. लोडर त्यांना ‘यंडुगुंडू’ म्हणून हाका मारत, रंगावरून काय काय बोलत, ते मी इथे लिहीत नाही. पाण्याच्या पिंपावर दोन ग्लास होते. एक आमच्या बायकांचा साखळीने बांधलेला आणि दुसरा त्या मुलींचा, बिनसाखळीचा. का, असं कोणी विचारत नव्हतं. मीही विचारलं नाही. उलट, ठेकेदाराच्या कामगारांना सभासद करून घ्यायचं नाही, हा युनियनचा ठराव माझ्याच हस्ताक्षरात होता. स्थानिकांच्या पोटावर पाय येतो, असं त्यात कारण लिहिलेलं. मोर्चात वर्णभेदाविरुद्ध, पार आफ्रिकेतल्या वर्णभेदाविरुद्ध घोषणा देताना माझा घसा बसलेला आहे. आणि हॉलमधला दुसरा ग्लास मला दिसला नाही. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

दोन्ही टेबलांवरचे ट्रे तपासायचं काम दिलीप चेकरकडे होतं. वजन करायचं, नीट सोललंय की नाही बघायचं, पास किंवा नापास करायचं. नापास झालं की ट्रे परत टेबलावर. काटा ठेवलेला होता गार खोलीच्या तोंडाशी, जाड प्लास्टिकच्या पट्ट्यांच्या पडद्याआड. दिलीप आमचा कमिटी मेंबर. संपात सर्वांत पुढे, बोलायला गोड, आणि पारूबाईंच्या नवऱ्याचा मावसभाऊ.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. केरळच्या टेबलावरच्या ओमना नावाच्या मुलीने पर्सोनेल ऑफिसरकडे लेखी तक्रार दिली, की दिलीप चेकर तिचे ट्रे मुद्दाम नापास करतो, पडद्याआड थांबवून ठेवतो, नको तिथे हात लावतो आणि त्या दिवशी त्याने तिला भिंतीशी दाबून धरलं. कंपनीने लगोलग दिलीपला चार्जशीट दिलं.

मला वाटलं, झालं. कंपनीचा डाव. संपातला बिनीचा माणूस काढायचा म्हणून ठेकेदाराची मुलगी पुढे केली. मी एकदाही हॉलमध्ये जाऊन विचारलं नाही. दिलीपने शपथ घेऊन सांगितलं आणि मी ऐकलं. दंडक होताच.

चौकशीत ओमना माझ्या समोरच्या खुर्चीवर बसली. पांढरा कोट तसाच, टोपी हातात, बोटांवर कोळंबीच्या काट्यांचे ओरखडे. मोडक्या हिंदीत तिने सगळं सांगितलं. न रडता, एकामागून एक. मग मी उलटतपासणीला उभा राहिलो. माझे प्रश्न मला तोंडपाठ आहेत. त्या वेळी तुम्ही ओरडलात का? तिने सांगितलं, नाही. दुसऱ्या दिवशी कामाला आलात का? आले. त्याच माणसाच्या काट्यावर ट्रे घेऊन गेलात का? गेले, तिथेच न्यावा लागतो. आणि मग चौथा प्रश्न मी जरा थांबून विचारला, तसा मी नेहमीच थांबत असे: हे कोणी पाहिलं?

ती माझ्याकडे बघत राहिली. मग खाली बघितलं आणि म्हणाली, “कोई नहीं.”

निकाल अर्थातच आमच्या बाजूने लागला. आरोप सिद्ध होत नाही. ठेकेदाराने लगेच कळवलं की खोटी तक्रार करणारी मुलगी आपल्याला नको, येत्या सोमवारी तिला गाडीत बसवून परत पाठवतो. तिच्या घरी त्याने कळवलंही होतं, आणि काय कळवलं असेल ते सांगायला नको. धाकट्या दोन बहिणींची लग्नं व्हायची होती, हे मला नंतर समजलं. तेव्हा मी पेढे आणायला माणूस पाठवला होता.

शनिवारी पाळी सुटताना गेटवर क्रेट पालथा पडला. पेढ्यांचा बॉक्स माणसांतून फिरला, बायकांत गेला. पारूबाईंच्या समोर आला तेव्हा त्यांनी हात पदराखाली घेतला आणि बॉक्स पुढे गेला. मी ते पाहिलं. मला वाटलं, दाढ दुखत असेल.

मी निकाल सांगितला, दिलीपच्या पाठीवर थाप मारली, कोणाला काही विचारायचं आहे का म्हटलं, आणि उतरायला एक पाय खाली टाकला. तेवढ्यात पारूबाई पुढे आल्या. इतक्या वर्षांत गेटवर त्या कधी बोलल्या नव्हत्या.

“सायेब, तुमी त्या पोरीला इचारलंत, कोनी बगितलं,” त्या म्हणाल्या. “आमाला का नाय इचारलंत?”

मी पाय परत वर घेतला. ती मद्रासी, तुम्ही आमच्या, दिलीप आमचा, म्हणून विचारलं नाही, हे खरं उत्तर होतं आणि ते क्रेटवरून सांगायची माझी छाती नव्हती. वसाहतीच्या बसने हॉर्न दिला, कोणी हललं नाही. दिलीपने मला खालून डोळ्याने खुणावलं की उतरा. मला उतरता येत नव्हतं. नियम माझाच होता.

शेवटी मी विचारलं, “पारूबाई, तुम्ही पाहिलंत?”

“पाहिलं. माजा ट्रे तिच्या मागंच व्हता. पडदा सारला आनि पाहिलं. तिनं बी मना पाहिलं.”

म्हणजे खोलीत माझ्यासमोर बसून “कोई नहीं” म्हणताना ओमनाला ठाऊक होतं, कोणी पाहिलं ते. पारूबाई दिलीपच्या नात्यातल्या, गावातच राहायचंय, नोकरी घरात एकच, हे तिने लक्षात घेतलं होतं. आपला साक्षीदार तिने स्वतःच झाकून ठेवला. जिच्या टेबलाचा ग्लाससुद्धा उचलायची तिला मुभा नव्हती, तिच्यासाठी. पारूबाईंना तर ते आठवडाभर आधी, चौकशीतलं बोलणं हॉलमध्ये पोचलं तेव्हाच समजलेलं होतं आणि तो आठवडा त्यांनी कसा काढला असेल, देव जाणे. नंतर एकदा त्या एवढंच म्हणाल्या की अन्न गिळवत नव्हतं.

सोमवारी सकाळी मी मॅनेजरसमोर उभा राहिलो आणि म्हटलं, दिलीपची चौकशी पुन्हा उघडा, आमच्याकडे साक्षीदार आहे. मॅनेजरने आधी चहा मागवला. मग बिस्किटं मागवली, हे आमच्या संबंधांत प्रथमच घडत होतं. मग खुर्ची मागे सारून म्हणाला, “पाटणकर, जिंकलेली चौकशी हरायला कोणी येत नाही. यात डाव काय आहे, ते सांगा.” डाव नाही हे पटवून द्यायला मला तासभर लागला. तोवर पारूबाई आणि त्यांच्या टेबलावरच्या बायका कोनला पोचल्या होत्या आणि ओमनाच्या खोलीच्या दारात बसून राहिल्या होत्या. ठेकेदाराची गाडी आली, थांबली आणि रिकामी परत गेली. हे मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे. पण ज्या ज्या वेळी ऐकतो त्या त्या वेळी ऊर भरून येतो.

मग जे व्हायचं ते झालं. कमिटीत माझ्यावर आग पाखडली गेली. घरचं भांडण वेशीवर टांगलं, म्हणाले. एका मद्रासिणीपायी आपला माणूस घालवणार, म्हणाले. तिघांनी राजीनामे दिले आणि युनियन ऑफिसच्या दारावर माझं नाव डांबराने लिहून पुढे दोन शब्द लिहिले, ते पुसायला मला दिवस गेला. पण माझं काय, मी संध्याकाळी नवीन पनवेलच्या माझ्या सेक्टरात परत जाणारा माणूस. पारूबाईंना गव्हाणला जायचं होतं. तिथे नवऱ्याला लोकांनी सांगितलं, बायकोला आवर. सासरच्या एका घराने त्यांच्याकडे येणं-जाणं बंद केलं. हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. पारूबाईंनी यातलं काहीही मला सांगितलं नाही, मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, “चाललंय.”

दुसरी चौकशी सुरू झाली. या वेळी मी ओमनाच्या बाजूला बसलो. दिलीपची बाजू लढवायला रेफ्रिजरेशनमधला एक ऑपरेटर उभा राहिला. माझ्याच हाताखाली तयार झालेला, हुशार गडी. त्याने पहिल्या चौकशीची कार्बन कॉपी मिळवली होती आणि तीच समोर ठेवून बोलायला लागला.

“त्या वेळी तुम्ही ओरडलात का?”

माझा प्रश्न, शब्द न् शब्द माझा. मग दुसरा. मग तिसरा. विचारायची लकबसुद्धा माझी उचललेली. मी खुर्चीत बसून ऐकत होतो. शेजारी बसून ऐकताना ते प्रश्न किती ओंगळ वाटतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. चौथ्या प्रश्नाआधी तोही जरा थांबला, माझ्यासारखाच.

“हे कोणी पाहिलं?”

ओमनाने माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली. तरी तिने दाराच्या काचेकडे बघितलं. बाहेर बाकावर पारूबाई बसल्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी, सायकल भिंतीला टेकवून, त्यांचा नवरा. तो त्या दिवशी रजा टाकून आला होता. पारूबाईंनी आतून बघणाऱ्या ओमनाला हाताने खूण केली, बोल म्हणून.

“पारू चेची,” ओमना म्हणाली.

चौकशी अधिकाऱ्याने विचारलं, चेची हे आडनाव आहे का? ती म्हणाली, नाही साब, बडी बहन. टायपिस्टने ते तसंच टाइप केलं.

पारूबाईंची उलटतपासणी दीड तास चालली. नातं काढलं, जमिनीचा जुना वाद काढला, डोळ्यांना नीट दिसतं का ते विचारलं. मग इतके दिवस का गप्प होतात, असंही विचारलं. त्या म्हणाल्या, “भ्याले. आनि ती आमच्यातली नाय, आसं वाटलं. दोनी चुकलं.” इतकं सरळ उत्तर मी माझ्या कोणत्याच साक्षीदाराला शिकवू शकलो नसतो. दिलीपची नोकरी गेली.

पुढची दोन-तीन वर्षं आम्ही जे केलं त्याला युनियनचे अध्यक्ष भाषणात मोहीम म्हणत, पण सुरुवात अगदी साध्या गोष्टींनी झाली. काटा पडद्याआडून उचलून हॉलच्या मध्यावर आणला. ठेकेदाराच्या मुलींना सभासद करायचा ठराव मीच मांडला, जुना ठराव मीच वाचून दाखवला आणि फाडला. तक्रार ऐकायला दोघीजणी नेमल्या, पारूबाई आणि ओमना. अशा तक्रारीत तक्रार करणाऱ्या बाईची बाजू युनियन घेईल, आरोप असलेल्या सभासदाने आपला माणूस आपण शोधावा, असं ठरलं. आणि जो कोणी ‘यंडुगुंडू’ म्हणेल किंवा रंगावरून बोलेल त्याने पाळी सुटताना क्रेटवर उभं राहून, आपण असं का म्हणालो, याचं उत्तर द्यायचं. पहिल्या महिन्यात क्रेटला उसंत नव्हती. एक आडदांड लोडर वीस मिनिटं वर उभा होता, घामाने निथळला आणि शेवटी म्हणाला, सगळे म्हणतात म्हणून म्हणालो. मुलीच हसायला लागल्या. पुन्हा म्हणाला नाही.

मग वसाहतीतल्या दुसऱ्या कारखान्यांच्या गेटवर जायला लागलो. मी बोललो की माणसं चहाला निघून जात. पारूबाई क्रेटवर चढल्या की बायका थांबत. त्या भाषण करत नसत. काय झालं, मी काय पाहिलं, मी का गप्प बसले, एवढंच सांगत आणि विचारत, तुमच्याकडं काय हाय? ओमना आधी हिंदीत, मग मराठीत, मग चक्क पारूबाईंच्या मराठीत बोलायला लागली. पुढे बऱ्याच वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कामाच्या ठिकाणी बायकांच्या तक्रारींसाठी समिती पाहिजे. आमच्या मॅनेजरने धावपळ करून मला बोलावलं. पारूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, आमची हाय की.

सगळंच जमलं असं नाही. ठेकेदार बदलला, नव्या मुलींना भेटूच द्यायचा नाही. दोन कारखान्यांत आम्ही साफ तोंडावर आपटलो. आणि त्या पहिल्या आठवड्यात ओमनाच्या घरी जे कळवलं गेलं होतं ते कधीच पुसलं गेलं नाही. तिच्या बहिणींची लग्नं झाली, तिला बोलावलं नाही. ते माझ्या खात्यावर आहे आणि राहील. गावातल्या त्या घराने मात्र पारूबाईंना पुन्हा बोलवायला सुरुवात केली. त्या म्हणाल्या, मुलीच्या नोकरीचा अर्ज लिहून घ्यायचा व्हता त्यांना.

नव्वदचं दशक सरताना मी निवृत्त झालो. निरोपाला कमिटीने हॉल घ्यायचं ठरवलं होतं, पण बायकांनी ऐकलं नाही. पाळी सुटताना गेटवरच क्रेट मांडला आणि मला वर चढवलं. ओमनाने हार घातला आणि पेढ्यांचा बॉक्स घेऊन शेजारी उभी राहिली. ती तेव्हा युनियनची सहचिटणीस होती आणि पिंपावर एकच ग्लास होता, तोही बिनसाखळीचा. अध्यक्षांनी माझ्या जिंकलेल्या चौकशांचं कौतुक केलं. बर्फाची लादी सांगितली, स्वेटर सांगितला, लोक हसले. मी आभार मानले, रीतीप्रमाणे कोणाला काही विचारायचं आहे का म्हटलं, आणि एक पाय खाली टाकला.

“मना इचारायचंय,” पारूबाई मागून म्हणाल्या.

मी पाय वर घेतला.

“या पोरीची पैली चौकशी. ती तुमी जिंकली का हारली?”

ओमना माझ्याकडे बघत होती. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं.

“हरलो, पारूबाई.”

“मंग उतरा आता,” त्या म्हणाल्या, पुढे आल्या, पेढ्यांचा बॉक्स ओमनाच्या हातून घेतला आणि त्यातला पहिला पेढा स्वतःच्या तोंडात टाकला.